लाल झेंड्यापलीकडे

बसमध्ये एकच जागा रिकामी होती — मुक्ताईच्या शेजारची. हिंजवडीहून ऑफिसची सहल दापोलीकडे निघाली होती, आणि धापा टाकत शेवटी चढलेला मुलगा तिच्याशेजारी येऊन टेकला.

"मी उत्तरेश्वर. टेस्टिंग टीम."

"मुक्ताई. एचआर."

त्यानं तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "परीक्षा आहे का?"

"समुद्रात काय करायचं, काय नाही, ते लिहून घेतलंय. मला पोहता येत नाही. भीती वाटते."

"मग येताय कशाला?"

"समुद्र बघायला. बघायला पोहावं लागत नाही."

तो खळखळून हसला. गालाला खळी पडली... आणि मुक्ताईनं घाईघाईनं खिडकीबाहेर पाहिलं. ताम्हिणी घाट उतरेपर्यंत तिनं त्याला अख्खा कागद वाचून दाखवला. त्यानं तो ऐकलाही — म्हणजे, तिच्याकडे बघत ऐकला.

दुपारी बनाना बोटीवर ती त्याच्या मागे बसली. लाईफ जॅकेट दोनदा तपासून घेतलं, तरी लाट आली की त्याच्या जॅकेटचा पट्टा घट्ट धरायची.

"पट्टा सोडा हो," तो ओरडला, "बुडण्याआधी गुदमरेन मी!"

"गुदमरा. सोडणार नाही!"

उतरल्यावर मात्र त्यानं जॅकेट काढून वाळूवर टाकलं. लाल झेंड्यापलीकडे पोहू नका, असं जीवरक्षकानं आधीच बजावलं होतं. "विहिरीत सूर मारत वाढलोय मी," म्हणत तो पलीकडे शिरलाच.

बाकीचे फोटो काढत होते. मुक्ताईची नजर हलेना. त्याचं डोकं लहान लहान होत चाललं होतं... तो किनाऱ्याकडे हात मारत होता, पण पुढे सरकतच नव्हता.

जीवरक्षकाला जिवाच्या आकांतानं हाक मारत ती धावली — गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत पाण्यात. बसमध्ये वाचून दाखवलेल्या कागदातलंच ती ओरडत होती.

"सरळ किनाऱ्याकडे नको! ओढीशी झुंजू नकोस! उताणा हो... तरंगत राहा!"

त्यानं ऐकलं. तो उताणा झाला. जीवरक्षक तरंगता फ्लोट घेऊन पोहोचेपर्यंत तिनं श्वास घेतला की नाही, तिलाच आठवेना.

परतीच्या प्रवासात तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. नंतर चार दिवस ऑफिसात तिला बघितलं की नजर वळवायचा. चारचौघांत ओरडले, त्याला खाली बघायला लावलं... की भलतंच काही ओळखलं त्यानं? मुक्ताईच्या जिवाला चैन पडेना.

पाचव्या संध्याकाळी कंपनीची बस वाकड पुलाआधी अडकली होती. तो मागून येऊन तिच्या सीटपाशी उभा राहिला.

"रागावलायत ना?" तिनंच विचारलं.

"रागावलो? लाज वाटत होती. तुम्हाला पोहता येत नाही... आणि तुम्ही कमरेइतक्या पाण्यात होतात. माझ्या मूर्खपणापायी." तो अडखळला. "तिथं मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं, फक्त तुमचा आवाज. अजून येतोय. मुक्ताई... तुम्ही मला आवडता."

"'आवडता' काय? 'आवडतेस' म्हण," ती एकदम म्हणाली, आणि तिचे कान तापले.

"तू मला आवडतेस."

"मलाही... तू."

बस तसूभरही हलली नव्हती. मुक्ताईला मात्र चार दिवसांत पहिल्यांदाच कडकडून भूक लागली.