तेलकट डोक्याचा आलेख

लिंबाजी पहिल्यांदा आला तो डोक्यावरून तेल निथळत! दवाखान्यात मेंदूचा आलेख काढणाऱ्या सत्यशीलेनं कपाळाला हात लावला. मेंदूतली बारीकशी वीज टिपायला डोक्यावर वायरी चिकटवायच्या, आणि तेलावर त्या कशा टिकायच्या? त्यानं खाली मान घालून सांगितलं, डॉक्टरकडं कोरड्या डोक्यानं जायचं न्हाई म्हणून आईनं वाटीभर तेल ओतलं. सत्यशीला खळखळून हसली... परभणीत आल्यापासून पहिल्यांदाच. आठ महिने झाले होते. भाड्याची खोली, एकटीचा डबा आणि हे मशीन, एवढाच तिचा संसार.

एस.टी.त ड्रायव्हर म्हणून निवड झालेला हा गडी उन्हात एकदा चक्कर येऊन पडला होता. फेफऱ्याचा आजार नाही, असा दाखला शुक्रवारपर्यंत दिला नाही तर नोकरी गेलीच.

डोकं धुऊन या म्हणून परत पाठवलेला तो गुरुवारी पुन्हा आला. पुन्हा तेल! आता बोला.

"आईला सांगितलं न्हाई का?"

"आईनं न्हाई... मीच लावलं." तो तिच्याकडं बघेना.

तिला राग आला, आणि रागाखाली काहीतरी लय गोड वाटलं. तरी तिनं दम भरला: उद्या शेवटचा दिवस, शिकेकाईनं न्हाऊन या.

शुक्रवारी त्याचे केस कोरडे, मऊ. एकेक वायर लावताना तिची बोटं उगाच रेंगाळली. मशीनची पेनं कागदावर सरसर धावू लागली. डोळे मिटले की लाटा एकसारख्या, उघडले की मोडलेल्या. शेजारी ती पेन्सिलीनं तसं लिहीत गेली. आलेख स्वच्छ होता. म्हणजे नोकरी पक्की, आणि डेपो पार कोकणात.

"यात मनातलं उमटतं का हो?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई. डोळे मिटले का उघडले, एवढंच कळतं. मनातलं तोंडानंच सांगावं लागतं."

तिनं वायरी काढल्या, कापसानं कपाळ पुसलं. दाखला घेऊन तो दारापर्यंत गेला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"तुमी गेल्यावर मला लय एकटं वाटंल."

तो जागीच थांबला. "मग... नोकरी सोडू?"

"खुळे का? गाडी चालवा. पण सुट्टी मिळाली की इकडं या. तपासायला न्हाई... मला भेटायला."

"येतो," तो म्हणाला.

तो गेला. तपासणीची खोली होती तशी रिकामी झाली. पण आता तिला कुणाची तरी वाट बघायची होती.