शेंडा कुठला, बुडखा कुठला

बसमध्ये शेजाऱ्याच्या मांडीवरची फांदी पुन्हा एकदा कोपराला टोचली, तेव्हा कुठे तिने मान वळवून पाहिलं.

चष्मा नाकावरून घसरलेला, बाहीवर हिरवे डाग, आणि कुशीत ओल्या टॉवेलात गुंडाळलेली काड्यांची मोळी. तान्हं बाळ धरावं तशी त्याने ती जपून धरली होती. फक्त या बाळाचे पाय वर होते आणि डोकं खाली.

"उलटी धरलीयेत तुम्ही," ती म्हणाली.

"काय?"

"फांद्या. शेंडे खाली गेलेत."

त्याने मोळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत मोळीकडे. "पानं तर सगळी काढून टाकलीत. तुम्हाला कसं कळलं?"

आता हे कुणी विचारावं आणि तिने गप्प बसावं, असं होणारच नव्हतं. काकांच्या नर्सरीत ती लहानाची मोठी झाली होती. रोपांचे शेंडे खुडण्यात तिचा हात इतका बसलेला, की काकांनी तिचं नाव चिमटी ठेवलं होतं. खरं नाव फक्त बँकेत चालायचं.

"हे बघा, इथे पान होतं. त्याचा वण राहिलाय. आणि वणाच्या डोक्यावर हा बारीकसा फुगवटा, हा डोळा. यातूनच नवी फांदी फुटते. डोळा नेहमी वणाच्या वर असतो. म्हणजे शेंडा इकडे, बुडखा तिकडे. उलटी लावलीत तर मुळं हवेत फुटायला बघतील आणि फांदी मातीत शिरेल. बिचारीला कळायचंच नाही आपण कुठे चाललोय."

"माझंही बऱ्याचदा असंच होतं," तो गंभीरपणे म्हणाला.

तिला हसू आलं. मग तोही हसला, आणि त्याच्या एका गालाला खळी पडली. एकाच. दुसऱ्या गालाला बहुतेक वेळ मिळाला नसावा.

पुढच्या दोन थांब्यांत तिला सगळं कळलं. तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा, डोळ्यांचे नंबर काढायचा. त्यांच्या जुन्या भाड्याच्या घराच्या भिंतीवर आईने मधुमालतीची वेल चढवली होती. ते घर सुटलं, नवीन घर तिसऱ्या मजल्यावर मिळालं, वेल मागेच राहिली. आज घरमालकाने भिंतीला गिलावा करायचा म्हणून ती बुंध्यापासून तोडली. हा धावत गेला आणि हाताला लागतील तेवढ्या फांद्या घेऊन आला.

"बाजारात मिळते की मधुमालती," ती म्हणाली.

"मिळते. पण आईला हीच हवीय. माझ्या जन्माच्या वर्षी लावलेली." तो चष्मा पुसू लागला. "आईला आता फारसं दिसत नाही. मी गावभर लोकांना चष्मे लावतो, पण तिला लागेल असा चष्मा माझ्याकडे नाही. वेलीची फुलं संध्याकाळी उमलली, वास सुटला, की ती म्हणायची, संध्याकाळ झाली वाटतं. नवीन घरात ती रोज मला विचारते, किती वाजले…"

चिमटीचा थांबा आला होता.

"उतरा," ती म्हणाली. "या फांद्या अशाच घरी नेल्यात तर वाळून जातील. आमच्याकडे लावू. मी जगवून देते."

जगवून देते! किती सहज बोलून गेली. नर्सरीतलं कुणी असं बोलत नाही. बघू म्हणतात, लागल्या तर लागल्या म्हणतात. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

शेडमध्ये टेबलावर त्यांनी मोळी सोडली. बारीक पाऊस हिरव्या जाळीवर चुरचुरत होता. तो एकेक फांदी हातात द्यायचा, ती कात्रीने वीतभर कांड्या करायची. "बुडाचा काप तिरका, शेंड्याचा सरळ," ती शिकवत होती. "नेहमी असंच. म्हणजे पुढे कुणी गोंधळत नाही. तिरकं टोक डोळे मिटून मातीत खोचायचं."

"डोळे मिटून?"

"हो. सवयीचं काम आहे."

मग त्याने दुकानातल्या एका आजोबांची गोष्ट सांगितली. ते दर महिन्याला नंबर तपासायला यायचे आणि पाटीवरची अक्षरं घडाघडा म्हणून दाखवायचे. शेवटी लक्षात आलं, की त्यांना ती पाठ झाली होती. सांगताना तो स्वतःच इतका हसला, की चष्मा पार ओठांपर्यंत आला. ती बघत राहिली. चष्म्याशिवायचे त्याचे डोळे, ती एकुलती एक खळी… कात्री चालत होती, हात खोचत होते, काळ्या पिशव्या भरत होत्या. त्या वेळी त्या हातांकडे तिचं लक्षच नव्हतं.

सगळ्या पिशव्यांवर तिने प्लास्टिक झाकलं. आतली ओल टिकायला हवी, म्हणून कोंब फुटेपर्यंत ते काढायचं नव्हतं.

तो येऊ लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग जेवणाच्या सुट्टीत जवळजवळ रोज. प्लास्टिकवर आतून दव साठलेलं असायचं, दिसायचं काहीच नाही. पण ते बघायला दोघांना बराच वेळ लागायचा.

"चिमटे, तुझं चश्मिष गिऱ्हाईक आलं गं," काका गेटावरूनच ओरडायचे. "इतक्या वेळा तर मी स्वतःच्या सासुरवाडीला गेलो नाही!"

एकदा ती रोपांचे शेंडे खुडत होती. तो कळवळलाच.

"अहो, एवढं जोमात वाढतंय, आणि तुम्ही सरळ डोकं उडवता?"

"शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. सगळा जोर एकटाच घेतो, सरळसोट वर जातो. तो काढला की खालचे डोळे जागे होतात, फांद्या फुटतात. आणि फुलं येतात ती फांद्यांच्या टोकांना. जितकी टोकं, तितके घोस."

"म्हणजे घरातल्या थोरल्यासारखंच की."

"तुम्ही थोरले की धाकटे?"

"एकुलता एक. म्हणून असा सरळसोट वाढलो."

"मग तुमचा शेंडा खुडायला हवा कुणीतरी."

"कुणी?" त्याने विचारलं.

चिमटीची चिमटी हवेतच राहिली. मग तिने भलतंच रोप हातात घेतलं, आणि त्याचं भलतंच पान तोडलं.

त्या दिवशी तो गेल्यावर तिने मनाशी कबूल केलं. तिला तो आवडला होता. नुसता आवडला नव्हता, गेटाची कडी वाजली की तिच्या छातीत काहीतरी हलायचं. आता कांड्या फुटल्या, की तो त्या घेऊन घरी जाईल. मग तो कशाला येईल? तिला वाटलं, या कांड्यांनी जरा दमाने घ्यावं.

कांड्यांनी तेच केलं. फारच दमाने घेतलं. शेवटी एका सकाळी तिला प्लास्टिकच्या आत हिरवं काहीतरी दिसलं. आनंदाने तिने ते ओढून काढलं आणि वाकून पाहिलं.

एका कांडीला कोंब फुटला होता. पण तो वणाच्या खालून निघाला होता. आधी मातीकडे गेला होता, मग चूक कळल्यासारखा गळासारखा वळून उजेडाकडे निघाला होता. तिने दुसरी कांडी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांचे डोळे वणाच्या खाली. सगळ्या उलट्या!

तो फांद्या उलट्या देत होता. बसमध्ये धरल्या होत्या तशाच. आणि तिने न बघता तिरका काप शेंड्याला दिला होता, मग सवयीने तिरकं टोक मातीत खोचलं होतं. डोळे मिटून… नाही, डोळे उघडे होते. पण भलतीकडे.

काकांनी पिशव्या पाहिल्या. पुतणीचा चेहराही पाहिला. "होतं असं," ते हळूच म्हणाले. "मागच्या वाफ्यात मधुमालती आहे, चांगली हातभर वाढलेली. त्यातली एक दे. वेल ती वेल. कोणाला कळतंय?"

खरंच कोणाला कळणार होतं? फूल तेच, वासही तोच. तो खूश झाला असता, आई खूश झाली असती. तिने मागच्या वाफ्यातली पिशवी उचललीसुद्धा. मग तिच्या डोळ्यांसमोर न पाहिलेली ती बाई आली. मुलाच्या जन्माच्या वर्षीची वेल समजून दुसऱ्याच वेलीवरून हात फिरवणारी. तिने पिशवी जागेवर ठेवली.

दुपारी तो आला, तेव्हा ती पायरीवरच उभी होती.

"मला काहीतरी सांगायचंय. कांड्या उलट्या लागल्यात. माझ्या हातून."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

तो रिकाम्या क्रेटवर बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आईला मी सांगितलं होतं, जगतील म्हणून."

"मीच म्हणाले होते तसं." ती पायरी उतरली. "मी अशी चूक कधीच करत नाही. लहान असतानाही केली नाही. त्या दिवशी झाली, कारण… कारण तुम्ही त्या आजोबांची गोष्ट सांगत होता, आणि मी कांड्यांकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघत होते."

जाळीवरून एक थेंब टेबलावर पडला. मग आणखी एक.

"मला त्याच दिवशी शंका आली होती," तो म्हणाला.

"काय?"

"वणाखाली डोळे दिसत होते. डोळे बघणं हेच तर माझं काम. आणि बसमध्ये तुम्हीच शिकवलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या हातात कात्री होती."

तिला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

"खरं सांगू?" तो खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, जाणकारांची काही वेगळी पद्धत असेल. आणि नंतर विचारलं असतं, तर तुम्ही सगळं सरळ केलं असतं, आणि मग मला इथे यायला काही कारणच… माझीही चूक आहे. तुझ्याइतकीच."

तो 'तू' दोघांनीही ऐकला. कुणीच दुरुस्त केला नाही.

त्या दुपारी दोघांनी मिळून कांड्या उपसल्या. मातीतली टोकं काळी पडली होती. सडलेलं कापून ती एकेक कांडी नीट बघायची, बोटाने डोळा चाचपायची, खऱ्या बुडाला नवा तिरका काप द्यायची, मग तो तिरकं टोक मोठ्याने सांगायचा आणि ती खोचायची. जगली एकच. ती गळासारखी वळलेली. सुलटी केल्यावर तिचा कोंब पुन्हा मातीकडे तोंड करून राहिला, थोडे दिवस अडून बसला, आणि मग परत वर वळला. एवढ्याशा देठात दोन वळणं!

कुंडी घेऊन दोघं तिसऱ्या मजल्यावर गेले. आईने दार उघडलं, कुंडी हाताने शोधली, बुडख्यापासून बोट फिरवत वर नेलं. वळणावर बोट थांबलं.

"हे इथे असं का वळलंय?"

"आई, ते म्हणजे…" तो म्हणाला.

"माझ्यामुळे," चिमटी म्हणाली. "मी उलटं लावलं होतं."

"अगं बाई! कुणाकडे बघत होतीस?"

आईला फारसं दिसत नाही, असं तो म्हणाला होता. चिमटीला त्याबद्दल शंकाच आली.

वेल बाल्कनीच्या जाळीवर चढली. हातभर सरळसोट वाढली, तेव्हा शेंडा खुडायची वेळ आली. त्याचं मन होईना. मग तिने त्याचा अंगठा आणि बोट आपल्या हातात धरलं, आणि दोघांनी मिळून खुडला. हात मात्र बराच वेळ तसेच राहिले. खालचे डोळे फुटले, फांद्या निघाल्या, फांद्यांना फांद्या आल्या. चिमटी दर रविवारी वेल बघायला यायची. काका म्हणायचे, वेलीला दर आठवड्याला जाऊन बघावं लागतं, हे त्यांना त्यांच्या उभ्या धंद्यात ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्यातल्या एका दिवशी, ती नवे कोंब जाळीत ओवत होती. तो शेजारी उभा होता. मदत करत नव्हता, नुसता उभा होता.

"ही आता इथून हलवता येणार नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही. जाळीत पार गुंतलीय."

"म्हणजे तिच्यासाठी कुणीतरी इथेच राहायला यायला हवं."

"माळी ठेव."

"रविवारी येऊन संध्याकाळी परत जाणारा माळी नकोय. कायमचं माणूस हवंय."

"आहे का कुणी नजरेत?"

"आहे. चष्मा काढला तरी दिसते." त्याने खरंच चष्मा काढला. खळी पडली होती, पण हसू नव्हतं. तो घाबरला होता. "येशील?"

तिने मान हलवली. त्याला चष्म्याशिवाय नीट दिसलं नसेल असं वाटून पुन्हा हलवली. मग सरळ म्हणाली, "येईन. पण फांद्या तू हातात द्यायच्या नाहीस."

दोघं एकमेकांकडे बघत हसत उभे राहिले. आतल्या खोलीत आईची खुर्ची करकरली.

"संध्याकाळ झाली वाटतं," आई म्हणाली.

दोघं दचकून वळले. त्यांच्या खांद्यामागे, एका कोवळ्या फांदीच्या टोकाला, पांढऱ्या फुलांचा पहिला घोस उमललेला होता. कधी उमलला, ते दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं.