कोरड्या दाताचा रंग

गिरणी बंद झाली, तिच्या पोटातले सामान विकायला निघाले, आणि मी माझा करडा कोट आणायला गेले. रंग जुळवण्याच्या खोलीत सगळेच करडे असे. भिंती, टेबले, आमचे कोटसुद्धा. भोवतालचा एखादा भडक रंग कापडावर सांडू नये म्हणून. त्या करडेपणात माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. आता खोलीत उरली होती फक्त उजेडाची पेटी, जिच्यात धरून आम्ही कापडाची छटा पारखत असू... आणि त्या पेटीत डोके खुपसून उभा असलेला एक अनोळखी माणूस.

"आत काही हरवलंय का तुमचं?"

तो दचकला. डोके वरच्या पत्र्यावर आपटले.

"हरवलं नाही, विकत घेतलीय. आत्ताच. पण लागतच नाही."

मी कडेचा खटका दाबला. पेटीत उजेड पसरला. ढगाळ दुपारसारखा, कुणाचीही बाजू न घेणारा.

"कुठलं कापड जुळवणार?"

"कापड नाही. दात."

मला हसू आले, आणि हसता हसताच डोळे भरून आले. ते त्याच्या ध्यानात आले असावे. कारण त्याने पुन्हा पेटीत डोके घातले आणि उगाचच आतले कोपरे न्याहाळत राहिला.

तो कृत्रिम दात बनवीत असे. स्वतःची छोटी लॅब होती. "पिवळसर आणि करडा यांत माझी गफलत होते," तो पेटीच्या आतूनच म्हणाला. "या धंद्यात नेमके तेच दोन रंग लागतात. हात आहेत माझ्याकडे, नजर नाही. तुम्ही याल?"

"सरळ नोकरीच देताय?"

"महिनाभर बघू. तुम्ही मला, मी तुम्हाला..." तो थबकला. "म्हणजे... काम."

घरी आई म्हणाली, "आधी चिंध्या, आता दात! लोकांच्या तोंडाकडे बघत जन्म काढ."

मी गेले. घरी थांबून करणार तरी काय होते? काम गेले की आधी वार जातात. मंगळवार आणि रविवार यांच्यामधली भिंत पडते. मग हात जातात. ते कुठे ठेवावेत हेच कळेनासे होते. माझ्यापाशी एकच गोष्ट उरली होती, ही नजर. आणि तिचा अजून कुणाला उपयोग आहे का, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. नसेल, तर आरशात पाहण्यासारखेही माझे काही उरणार नव्हते.

लॅबमध्ये मेणाचा आणि जळक्या भुकटीचा वास असे. त्याने माझ्या हातात छटांचा पट्टा दिला. ओळीने लावलेले नमुन्याचे दात.

"पाहायचं आणि लगेच नजर काढून घ्यायची," तो म्हणाला. "पहिली नजर खरी. रेंगाळलं की डोळे फसतात."

"आमचे मास्तर उलट सांगायचे. घाईनं ठरवलेला रंग धुण्यात उतरतो म्हणायचे."

"कापडाचं असेल तसं."

"म्हणजे कुणाकडे फार वेळ पाहायचंच नाही?"

"कुणाकडे?"

"दाताकडे म्हणतेय मी."

"दाताकडे – नाही." तो वळून ब्रश धुऊ लागला. त्याचे कान लाल झाले होते, आणि त्या लालीची नेमकी छटा मी पट्ट्याविना सांगू शकले असते.

मग एके दिवशी मास्तरच आले. ज्यांनी मला रंग पाहायला शिकवले, ते. गिरणी बंद झाल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते. पडले ते जिन्यावरून, आणि वरचा पुढचा दात गेला. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, हाताला धरून आणले होते. मास्तर तळव्याआडून बोलत होते. एक भुवई उडवून कापडाचे अख्खे गठ्ठे परत पाठवणारा तो माणूस खुर्चीत असा बसला होता, जणू त्यालाच कुणी परत पाठवले आहे.

लॅबमध्येही मी तोच करडा कोट घालत असे, पण त्या दिवशी तो धुण्यात होता. मी हिरवा ड्रेस घातला होता.

"तोंड उघडा, मास्तर."

त्यांच्या शेजारच्या दाताकडे मी पाहत राहिले. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, सावकाश, मन भरेपर्यंत. मग छटा सांगितली. तो बाजूला उभा राहून पाहत होता. त्याने टिपून घेतली आणि दात बनवला. तारेने अडकवायचा, काढता-घालता येणारा.

चार दिवसांनी मास्तर पुन्हा आले आणि त्यांनी तो बसवला. अंधाऱ्या घरात एकच खिडकी पेटावी, तसा तो त्यांच्या तोंडात दिसला. त्यांनी आरसा खाली ठेवला, दात काढला आणि ताटलीत टाकला.

"नापास." आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. "तुझ्याही डोळ्यांचं संपलं, पोरी. आपलं संपलंच सगळं."

ते गेल्यावर मी धुऊन आलेला कोट अंगातून काढला आणि घडी घालून टेबलावर ठेवला.

"निघते मी."

"चूक माझी होती," तो म्हणाला.

"रंग मी सांगितला."

"तोवर दात कोरडा पडला होता. तोंड इतका वेळ उघडं राहिलं की दात वाळतो, आणि वाळलेला दात आहे त्याहून पांढरा दिसतो. आमच्या कामातली पहिली गोष्ट आहे ही. मी तुम्हाला तेव्हाच थांबवायला हवं होतं."

"मग का नाही थांबवलंत?"

तो ताटलीतल्या दाताकडे पाहत राहिला.

"माझं लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

"पिवळा-करडा मला कळत नाही," तो हळूच म्हणाला. "हिरवा कळतो."

बाहेर कुणीतरी दुकानाचे शटर ओढले. एवढ्या पडझडीत कुणी असेही काही बोलू शकते, यावर माझा विश्वास बसेना. आणि कानात मास्तरांचे शब्द अजून घुमत होतेच.

"याचं उत्तर मी आत्ता देणार नाही," मी म्हणाले. "आधी दात."

"आधी दात," तो म्हणाला, आणि माझा कोट उचलून माझ्यापुढे धरला.

मास्तर पुन्हा येणार नव्हते. म्हणून आम्हीच त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडले. आत भर दिवसा काळोख होता; पडदे ओढलेले. त्या खिडकीतून गिरणीची चिमणी दिसते, आणि सध्या ती पाडण्याचे काम चालू होते.

"कशाला आलीस?" तळव्याआडून आवाज आला.

"रंग पुन्हा पाहायला. पडदा सारू?"

"नको."

मी पिशवी उघडली. मग पट्टा काढला आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "बरं. अंधारातच पाहते. आता काय फरक पडतो?"

खुर्ची करकरली.

"अंधारात रंग बघतेस?" मास्तर उभे राहिले होते. "हेच शिकवलं मी तुला? लाज आहे की नाही?" आणि तरातरा जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने पडदा सर्रकन ओढला.

उजेड आत आला. त्याच्यामागे अर्धी उरलेली चिमणी. मास्तर क्षणभर तिच्याकडे पाहत उभे राहिले. मग ते वळले, खिडकीशी खुर्ची घेऊन बसले आणि ओठांवरून जीभ फिरवून म्हणाले, "बघ."

मी पाहिले. एकदाच. आणि नजर काढून घेतली.

"हा."

"एवढ्यात?"

"पहिली नजर खरी असते, मास्तर."

त्यांनी पट्टा हिसकावला, काकूंकडून आरसा मागवला आणि किती तरी वेळ पडताळत बसले. "छटा बरोबर आहे," अखेर ते म्हणाले. "पण हिरडीपाशी किंचित पिवळा घे." मग आरशातूनच त्यांची भुवई उडाली. "आणि दारात कोण उभंय ते?"

"दात बनवणारे."

"नीट पाहून घेतलंस का ह्याला? उजेडात?"

"अहो!" काकू म्हणाल्या.

मी वळून पाहिले. तो चौकटीत अवघडून उभा होता, कान नेहमीच्या छटेचे.

"याच्या बाबतीत मी तुमचंच ऐकणार आहे, मास्तर," मी म्हणाले. "वेळ घेणार आहे. धुण्यात उतरायला नको."

मास्तर हसले. सवयीने हात तोंडाकडे निघाला होता... तो अर्ध्यावरच राहिला.