रंध्याची रेघ

शनिवारी सकाळचा पहिला तास नुसत्या थट्टामस्करीत गेला. हौशी माणसं एकत्र आली की दुसरं काय होणार! एका निवृत्त इंजिनियरने घरामागच्या शेडमध्ये दोन दिवसांचा सुतारकामाचा वर्ग ठेवला होता. यंत्र एकही नाही, सगळं काम हाताने. भिंतीवर करवती टांगलेल्या, खिडकीखाली धार लावायचे दगड पाण्यात भिजत घातलेले. शिकवणाऱ्यांना सगळे सर म्हणत. शिकायला एक बेकरीवाला होता, एक नवरा-बायकोची जोडी होती आणि ती होती. ती दातांची डॉक्टर, हे कळल्याबरोबर बेकरीवाल्याने विचारलं, "मग काय डॉक्टर, लाकडाला आधी भूल देणार का?"

तीही हसली. पेशंटसमोर रडकं तोंड घेऊन उभं राहता येत नाही, त्यामुळे हसायची सवय तिला होतीच.

खरं तर ही हौस तिची नव्हे, तिच्या नवऱ्याची. एका सकाळी चहाचा कप विसळून ठेवून तो बाहेर पडला, तो परत आलाच नाही. चौथं वर्ष चालू होतं. पोलिसांकडे खेपा झाल्या, दवाखाने झाले, शवागारंसुद्धा पालथी घालून झाली. दीर म्हणायचा, "वहिनी, आता मनाची तयारी करा." सासूबाई म्हणायच्या, "हत्यारं गंजतायत गं त्याची. आल्यावर काय म्हणेल तो?" या दोघांच्या मधे तिचा जीव टांगणीला लागलेला. आहे किंवा नाही, एवढं एकच कुणीतरी सांगावं, मग काय वाटेल ते सोसायची तिची तयारी होती. सासूबाईंच्या समाधानासाठी त्याचा लाकूड तासायचा रंधा पिशवीत घालून ती इथे आली होती.

सरांनी रंध्याचं पातं काढून उजेडात धरलं. "खाच आहे की हो. इथे, डाव्या कडेजवळ. केसाएवढी."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तिला नाही तर कुणाला माहीत असणार? पात्याला खाच असली की तेवढंच लाकूड तासायचं राहतं आणि फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक उंच रेघ उमटते. घरातलं जेवणाचं टेबल, कपाटाची दारं, पुस्तकांच्या फळ्या, सगळ्यांवर ती होती. डोळ्यांना दिसत नसे, पण दातांत आयुष्य गेलेल्या तिच्या बोटांना बरोबर लागायची. "घालव की ती खाच," असं ती म्हणाली की नवरा म्हणायचा, "राहू दे. टेबल चोरीला गेलं तर ओळखायला बरं."

"खाच गेल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "आमच्याकडे तो नियम आहे."

ती दगडापाशी उभी राहून पातं घासू लागली. काळं पाणी बोटांवरून ओघळत राहिलं. दुपार कलली तेव्हा धार एका रेषेत आली. तिने स्वतःचं भिंग लावून पाहिलं. खाच नव्हती. त्याची उरलीसुरली खूण तिने आपल्याच हाताने पुसली होती.

मग तिने एक पांढरी, बिनगाठीची फळी शिकंज्यात आवळली आणि रंधा चालवला. पातळ साल गुंडाळत वर आली. तिने बोट फिरवलं.

डाव्या कडेजवळ रेघ होती.

तिने पातं पुन्हा काढलं, पुन्हा भिंगाखाली धरलं. धार स्वच्छ होती. सरांनी तिचाच रंधा घेऊन त्याच फळीवर दोन हात मारले, फळी गुळगुळीत झाली. "तुमचा हात एका बाजूला दबतोय," ते म्हणाले. तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. तिने पुन्हा रंधा चालवला आणि रेघ पुन्हा आली.

रविवारी सकाळी रेघा दोन झाल्या.

दुसरी उजवीकडे होती, जास्त उंच आणि धारदार. तिने नीट विचार केला. विचार करणं हाच तिचा धंदा. रंधा तिच्या हातात, पातं तिने स्वतः घासलेलं. मग ही नवी खाच कुठल्या पात्याला पडली?

पुढच्या हाताला लाकडाचे तंतू उपटल्यासारखे निघाले. हे बोथट पात्याचं काम होतं. वर्षानुवर्षं डॉक्टरकडे न गेलेल्या माणसाचं तोंड तिला पाहिल्याबरोबर कळायचं, तसंच हेही कळलं. कुठेतरी कुणीतरी लाकूड तासत होतं आणि त्याची रेघ तिच्या फळीवर उमटत होती. खूप दिवस तासत होतं आणि धार लावायला त्याच्याकडे काही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंचा फोन आला. "लागली का गं धार?"

"लागली." बोलू नये हे कळत होतं, तरी तोंडून गेलंच. "आई, तो आहे."

पलीकडे सासूबाई रडायला लागल्या. "मला ठाऊक होतं गं. मी म्हणतच होते. कुठे आहे? कसा आहे?"

"ते नाही कळत अजून. पण आहे."

ती धावतच कामाच्या टेबलापाशी आली. बाकीचे जेवत होते. तिने रंधा चालवला. रेघा आल्या. पुन्हा चालवला. आल्या. जोवर ती तासत होती तोवर तो होता. आणि प्रत्येक हाताला फळी झिजत होती.

"अहो डॉक्टर, पापड करताय की काय फळीचा?" बेकरीवाला दारातून ओरडला. तिने मान वर केली नाही.

रेघा आता सरळ येत नव्हत्या. थरथरत होत्या. एका हाताला उंच, पुढच्याला पुसट.

"अरे, कुठे आहेस?" ती पुटपुटली. "दमलास का रे?"

तिने हात हळू केला. त्याला जमेल इतका हळू.

पुढच्या हाताला दोन्ही रेघा कशाबशा निघाल्या, फळीच्या मध्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

तिने पुन्हा रंधा चालवला. काही नाही.

पुन्हा. काही नाही. फळी काचेसारखी लागत होती.

पाणी पिऊन सर आत आले. त्यांनी वाकून फळीवरून तळवा फिरवला आणि खूश झाले. "वा! आता बसला तुमचा हात. कसलं सुरेख झालंय."

ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिने रंधा बाजूला ठेवला आणि रेघा जिथे थांबल्या होत्या तिथे हात टेकवला. तेवढंच लाकूड उबदार होतं, माणसाच्या अंगाइतकं. तिने दुसराही हात वर ठेवून ती जागा झाकून धरली. लाकूड हळूहळू गार होत गेलं.