आता जेवून घ्या

काम म्हटलं तर अर्ध्या तासाचं होतं. विहिरीवरच्या मोटरीची जुनी पेटी काढायची, नवी बसवायची आणि तिला रेंज नीट मिळते का ते तपासायचं. त्यासाठी खामगावहून कुलदीप मेकॅनिक येणार होता. पूनमचा नवरा गोकुळ धाड गावच्या बाजाराला गेलेला, म्हणून कुलदीपसोबत शेतात जायचं काम पूनमच्या वाट्याला आलं. वाट्याला आलं म्हणजे काय, तिनंच ते तसं जुळवून आणलं होतं. बाजाराचाच दिवस धरून या, असं तिनं कुलदीपला चार दिवस आधी फोन करून सांगितलं होतं.

ही पेटी काय असते ते आधी सांगायला हवं. जेवणाच्या डब्याएवढा तिचा आकार. विहिरीपाशी टिनाची खोली, खोलीत मोटरीचा स्टार्टर आणि स्टार्टरच्या शेजारी ही लटकलेली. आत एक सिम, एक लहान बॅटरी, बाहेर अँटेनाची काळी तार. घरी बसून त्या नंबरला फोन लावायचा. एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद, आणि तीन दाबलं की पेटी नुसती खबर सांगते. मोटरीचं काय चाललंय, लाईन म्हणजे वीज आहे की गेली, रेंज किती. रेंज आकड्यात सांगते. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे आता कुठल्याही क्षणी बोलणं बंद. लाईन आली-गेली की कधी कधी आपणहूनही फोन करते. गावात अशा तीस-चाळीस पेट्या असतील. सगळ्यांत कंपनीची एकच बाई बोलते, शुद्ध आणि कोरडी.

गोकुळच्या पेटीत मात्र मंजुळा बोलायची.

मंजुळा ही गोकुळची पहिली बायको. पाच वर्षांपूर्वी कुलदीपनं पेटी बसवली, तेव्हा गोकुळची आई गोजरबाई म्हणाली, हे पुण्याचं बोलणं मले समजत नाई बाप्पा. कुलदीप म्हणाला, मग तुमच्याच कोणाचा आवाज भरून देतो. मंजुळेचा आवाज नावासारखाच होता. तिनं सगळी वाक्यं आपल्या बोलीत भरली आणि शेवटी हसत हसत एक पदरचं घातलं, "आता जेवून घ्या." कुलदीपनं ते हसण्यासकट तसंच राहू दिलं. पुढं आठ महिन्यांनी एका दुपारी पेटीची रेंज गेली. गोकुळनं चार वेळा फोन लावला, लागेना. मंजुळा म्हणाली, मीच जाऊन येते, हातानं बटन दाबते. हात ओले होते. लोक पोचले तेव्हा टिनाच्या खोलीत जळक्या तारेचा वास भरला होता आणि मोटर चालू होती.

पूनम या घरात आली त्यानंतर दोन वर्षांनी. हिवरा आश्रम गावाकडची मुलगी, शिकलेली, हाताला चव असलेली, दिसायला मंजुळेपेक्षा उजवीच. भिंतीवरच्या फोटोशी तिनं ते ताडून पाहिलं होतं, एकदा नाही, रोज. सवत जिवंत असती तर भांडता तरी आलं असतं. या सवतीची भाजी कधी खारट होत नव्हती, भाकरी करपत नव्हती, ती रुसून माहेरी जात नव्हती. आणि ती रोज नवऱ्याशी फोनवर बोलत होती!

पूनमला सगळ्यात जास्त लागायचं ते जेवणाच्या वेळी. ताट वाढून ती दारापुढच्या ओट्यावर यायची आणि म्हणायची, "जेवाले चला." गोकुळ हूं म्हणायचा आणि बसून राहायचा. ती तीन-तीनदा बोलवायची. मग तो खिशातून फोन काढायचा आणि तीन दाबायचा. लाईनची वेळ असो नसो, तीनच. फोनमधून बारीक आवाज यायचा. मोटर बंद हाय. लाईन नाई. रेंज चार हाय. आता जेवून घ्या. आणि गोकुळ उठायचा, हातपाय धुवायचा, ताटावर येऊन बसायचा. दोन वर्षांत तो पूनमच्या बोलावण्यावर एकदाही जेवायला उठला नव्हता. फोनमध्ये तो नंबर 'मंजू मोटर' या नावानं होता. पूनमचा नंबर 'घर' या नावानं.

शेवटी मागच्या महिन्यात तिनं एक काम केलं. कांद्याच्या बियाचं पीक फुलावर होतं, निंदायला म्हणून ती एकटी गेली आणि अँटेनाच्या तारेचा नट दोन आटे सैल करून आली. रेंज चारची दोन झाली. चार दिवसांनी आणखी दोन आटे. गोकुळ फोन कानाला लावून नुसता उभा राहायचा. एकदा म्हणाला, "मीच जाऊन येतो, हातानं बटन दाबतो." तेव्हा मात्र पूनम वाटेकडं डोळे लावून दारात उभी राहिली. पण तो सुखरूप परत आला आणि तिनं संधी साधली. "जुनी झाली ती पेटी. नवी घ्या. सारं गाव बदलून राह्यलं." गोकुळनं शेवटी होकारार्थी मान हलवली.

तर अशी ती त्या दुपारी कुलदीपच्या पुढं पुढं बांधावरून चालली होती. कांद्याचे पांढरे गोंडे फुलून आले होते, मधमाश्यांचा एकसुरी आवाज होता, आणि ऊन असं की सावली पायाखाली गोळा झालेली. टिनाच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आतून गरम हवा आली. जळक्या तारेचा वास अजून होता. कुलदीप म्हणाला की हा वास नसून भास आहे. पण बोलताना त्यानं नाकाला रुमाल लावला होता.

त्यानं जुनी पेटी काढली, तिच्यातलं सिम काढून खिशात ठेवलं. नवी पेटी बसवली आणि तपासणीसाठी तिच्यात स्वतःजवळचं सिम घातलं. हा त्याचा नेहमीचा रिवाज. आधी आपल्या सिमवर रेंज पाहायची, सगळं ठीक निघालं की मग गिऱ्हाईकाचं सिम घालायचं.

"आवाज कंपनीचाच राहू देऊ का, वहिनी?"

"नाई. माहा भरा."

कुलदीपनं तिच्याकडं पाहिलं आणि मोबाईल पुढं धरला. पूनमनं घसा साफ करून एक एक वाक्य म्हटलं. मोटर चालू झाली. मोटर बंद हाय. लाईन हाय. लाईन नाई. रेंज एक हाय, दोन हाय, तीन, चार, पाच. छान ठसठशीत म्हटलं. आणि मग म्हणाली, "आता जेवून घ्या."

"वहिनी, ते नका भरू. ते... तिचं होतं."

"तिचं काऊन? सैंपाक कोण करते? मी करते!"

कुलदीपनं मोबाईल पुन्हा पुढं धरला. त्यानं ते भरलं. बांधावर जाऊन त्यानं तीन वेळा फोन लावला आणि तिन्ही वेळा पूनमचा आवाज आला, रेंज पाच हाय, आता जेवून घ्या. पूनमला इतका आनंद लग्नात झाला नव्हता. त्या आनंदाच्या भरात तिनं जुनी पेटी उचलली, विहिरीच्या काठावर गेली आणि आत टाकून दिली.

"अवो वहिनी! काय केलं हे?" कुलदीप धावत आला. दोघंही वाकून पाहू लागले. पाणी खोल होतं. पेटी दगडासारखी बुडायला हवी होती, पण ती थोडा वेळ वर राहिली. तिची काळी तार पाण्यावर हलत होती. मग ती आत गेली आणि बुडबुडे येत राहिले, डब्याएवढ्या पेटीत मावतील त्यापेक्षा खूप जास्त. कुलदीपनं घाईघाईनं सामान आवरलं, पेटीचं झाकण लावलं आणि चहालाही न थांबता मोटरसायकलला किक मारली.

पूनम घरी आली तेव्हा तिचा घसा थोडा धरला होता. ऊन लागलं असेल, असं तिला वाटलं. गोजरबाई चुलीपाशी बसून नाक आक्रसत म्हणाली, "काय जळून राह्यलं वं?" काहीच जळत नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला गोकुळ बाजारातून आला. नवी पेटी बसली हे त्यानं ऐकून घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसला. पूनमनं ताट वाढलं, बाहेर आली.

"फोन तर लावून पाहा एकदा."

"पाहीन उद्या."

त्यानं फोन खिशातून काढलासुद्धा नाही. पूनमला वाईट वाटलं आणि रागही आला. ती आत गेली, धान्याच्या कोठीला टेकून उभी राहिली आणि स्वतःच्या फोनवरून तिनं विहिरीचा नंबर लावला. तीन दाबलं.

मोटर बंद हाय. लाईन हाय. रेंज पाच हाय. आता जेवून घ्या.

तिचाच आवाज, स्वच्छ. तिला पुन्हा ऐकावासा वाटला. पुन्हा लावला. रेंज चार हाय. घशात खरखर झाली, ती खाकरली. पुन्हा लावला. रेंज तीन हाय. आता आवाज थोडा लांबून येत होता, कोणी विहिरीत तोंड घालून बोलावं तसा घुमून. चौथ्या वेळी रेंज दोन झाली आणि बोलण्यामागं पाणी ठिबकल्याचा आवाज होता. पूनमला वाटलं, बस, आता नको. पण बोट आपसूक त्याच जागी गेलं.

रेंज... एक... हाय.

मग काहीच नाही. जेवून घ्या नाही. नुसतं ठिबक... ठिबक... आणि मग तिच्याच आवाजात, अगदी हळू...

"अहो..."

फोन कट झाला. हा शब्द तिनं भरला नव्हता. तेवढ्यात फोनवर कुलदीपचा निरोप येऊन पडला. वहिनी, तुम्ही पेटी फेकली त्या गडबडीत तुमचं सिम माझ्या खिशातच राहिलं. मी माझं काढून घेतलं, तुमचं घालायचं विसरलो. नवी पेटी बिनसिमाची आहे, फोन लागणार नाही. उद्या येतो.

पूनमनं तो दोनदा वाचला आणि धावतच ओट्यावर आली. गोकुळला सगळं सांगून टाकायचं होतं, अँटेनाचा नट, विहीर, सगळं. तिनं तोंड उघडलं.

"आता जेवून घ्या."

आवाज तिचा नव्हता. मंजूळ होता, आणि शेवटी बारीक हसू होतं.

गोकुळ उभा राहिला. आत चुलीपाशी गोजरबाईनं मान न वळवता, रोजच्याच सुरात विचारलं, "मंजुळे, कवा आली वं?"

गोकुळनं पुढं होऊन पूनमचे दोन्ही हात धरले. आईसमोर असे हात त्यानं दोन वर्षांत धरले नव्हते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बोल," तो म्हणाला. "अजून एकदा बोल..." आणि खरं सांगायचं तर, त्या भीतीतही, क्षणभर पूनमला ते आवडलं.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. पडद्यावर 'मंजू मोटर' असं नाव होतं. त्यानं सवयीनं स्पीकर लावला.

"अहो... मी पूनम... इथं लई पाणी हाय... मले वर काढा..."

पूनमचा आवाज. घाबरलेला, रडवेला, नक्की तिचाच. गोकुळनं तो शांतपणे ऐकला, परक्या माणसाचं ऐकावं तसा.

"कोण पूनम?"

"अहो... मी..."

"राँग नंबर हाय, बाई," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पूनमनं सगळा जीव एकवटला. ती मी आहे, तिचा फोन तोडू नका, ती मी आहे! गळ्याच्या शिरा ताणून ती ओरडली.

"लाईन हाय," ती म्हणाली. "रेंज पाच हाय."

गोकुळनं समाधानानं मान हलवली. हातपाय धुऊन तो ताटावर बसला. फोन पुन्हा उजळला, तेव्हा त्यानं तो जमिनीवर पालथा घातला. फोन मातीवर थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरला. "वाढ," गोकुळ म्हणाला. तिनं वाढलं. त्या दिवशी तो चार भाकरी जेवला.