कोमट, गरम की चटका?

“डॉक्टर, तुमचं लगन झालं काय?”

प्राजक्तानं विचारलं खरं, पण तिचेच कान तापले! फुलांच्या दुकानात हार ओवणाऱ्या मैत्रिणींनी पैज लावली होती… विचारलंस तर कचोरी.

जठारपेठेतल्या दवाखान्यात शेखर तिच्या कोपराला शेकाचं मशीन लावत होता. “नाही झालं,” तो म्हणाला. “आता इकडं लक्ष द्या. कोमट, गरम की चटका, खरं सांगत राहायचं. तुमच्या मनातलं मशीनले कळत नाही.”

“आन् डॉक्टरले?”

“डॉक्टरले तर त्याहून नाही!”

टेनिस एल्बो म्हणे! रॅकेट कधी हातात न धरलेल्या पोरीला! टोपल्या उचलून अन् हार ओवून कोपर धरला होता. ऑपरेशन नको, शेक आणि व्यायामानं बरं होईल, असं शेखर म्हणाला होता. तसं झालंही. पण प्राजक्ताचं आपलं एकच, “अजून दुखते ना…” रविवारी धामणगावचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. त्याआधी इथलं येणं संपलं, तर—

मग एकदा दवाखान्यातल्या बाकावर ठेवलेली तिची शेवंतीची भरली टोपली घसरली. प्राजक्तानं ती त्याच दुखऱ्या, उजव्या हातानं झपकन झेलली!

“दुखलं?” शेखरनं विचारलं.

“…नाही.”

“मंग खोटं काहून बोलून राहिल्या होत्या?”

शेखर मशीनची वायर गुंडाळू लागला, तीही उलटी. “उद्यापासून पेशंट म्हणून येऊ नका.”

“मंग काय म्हणून येऊ?”

“पेशंट होत्या तोवर मले बोलता येत नव्हतं… रविवारी आईले घेऊन तुमच्या घरी येऊ? कोमट की गरम, खरं सांगा.”

“चटका!” म्हणून ती टोपलीसकट पळालीच.

घरी तिचे वडील शेषराव पाहुण्यांच्या पोह्यांचा हिशोब लावत होते. आई, बेबीताई, उशांना नवे अभ्रे घालत होत्या. प्राजक्ता दारातूनच म्हणाली, “बाबा, धामणगावले फोन करा. त्याईले येऊ नका म्हणा. मानसं चांगली असतील, पण मले ते स्थळ कोमट लागते.”

“कोमट?” बेबीताईंच्या हातून उशी सुटली. “स्थळ काय शेक आहे काय, पोरी?”

“हो आई. खरं नाही सांगितलं तर दुखणं तसंच राहते. रविवारी डॉक्टर शेखर आपल्या आईले घेऊन येऊन राहिले. मी लगन त्याईच्याशीच करणार.”