वअस्पती

"चूक कुणाची ते मला ठाऊक आहे, बाई. तुम्ही फक्त पुरावा काढा," संपादक म्हणाले.

तपासनीस बाईंनी पडद्यावरचं पान वाचलं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांसाठी हे संकेतस्थळ गुण देण्याचे नियम छापायचं. 'आकृतीत नावे असल्यास दोन गुण कापावेत.' हवं होतं 'नसल्यास'. शिक्षकांनी निमूटपणे कापले, आणि हजारभर मुलांना नीट आकृती काढल्याची शिक्षा झाली.

मुद्रितशोधिकेला कामावरून काढल्याचं पत्र संपादकांच्या खणात तयार होतं. नऊ वर्षांची सोबत. पत्र लिहिल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

आधी लेखक मास्तरांना बोलावलं. त्यांनी आपली मूळ प्रत पुढे केली. "मी 'नसल्यास'च लिहिलंय. हां, एका ठिकाणी 'अक्षर सुवाच्य नसावे' झालं, त्याबद्दल कान पकडतो."

मग मुद्रितशोधिका आली. तिचे डोळे सुजले होते.

"ते 'नसावे' माझ्या नजरेतून सुटलं. पण 'नसल्यास' मी वाचल्याचं आठवतंय. तरी सर म्हणतात तर माझंच चुकलं असेल."

"वहिनी, हिचंच काम!" बाईंचे दीर पुटपुटले. प्रत्येक तपासात ते पहिल्या पाच मिनिटांत गुन्हेगार पकडत. "इथं 'वनस्पती'चं 'वअस्पती' झालंय. अकरा वेळा! डोळे मिटून वाचलं की काय?"

"अकराही वेळा अगदी तसंच, भावोजी?"

"अगदी तसंच."

बाई संपादकांकडे वळल्या. "तुमच्याकडे पान कधी आलं?"

"शेवटी. ते 'नसावे' मीच पकडलं, मीच 'असावे' केलं, मग हिच्या सहीखाली माझी सही केली." त्यांच्या आवाजात थोडी ऐट होती.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"हाताची चूक अकरा वेळा तंतोतंत होत नाही. ती यंत्र करतं. भावोजी, नसावे, नसल्यास, वनस्पती, तिन्हींत काय सारखं आहे?"

"न... आणि त्याला लागून स."

"संपादकसाहेब, एका शब्दासाठी तुम्ही यंत्राला 'नस' शोधून 'अस' घालायला सांगितलंत. पण 'इथेच'ऐवजी 'सगळीकडे' दाबलंत. हिच्या सहीनंतर पान फक्त तुमच्याच हातात होतं."

भिंतीवर संपादकांनीच लावलेली नियमावली होती. त्यातला तिसरा नियम: दुरुस्तीनंतर पूर्ण पान पुन्हा वाचल्याशिवाय सही करू नये.

"वाचलंत?"

"नाही," ते म्हणाले. मान वर करायची त्यांना लाज वाटली.

खणातलं पत्र त्यांनी फाडलं आणि जाहीर खुलासा लिहायला घेतला. 'ही चूक मुद्रितशोधिकेची नसून संपादकाची आहे. कापलेले गुण परत द्यावेत.' कागद त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

तिने सवयीने कागद वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. 'नसून'वर बोट ठेवून तिने विचारलं,

"सर, छापताना यातला 'न' राहील ना?"